जुन्या संगणकातील ग्राफिक्स कार्ड बदलणे

जुन्या संगणकातील ग्राफिक्स कार्ड बदलणे म्हणजे काही वर्षे वापरात असलेल्या डेस्कटॉप संगणकाचे इतर भाग शक्यतो तसेच ठेवून त्यात आधीपेक्षा अधिक क्षमतेचे, नवे किंवा वापरलेले, ग्राफिक्स कार्ड बसवणे होय. ज्या संगणकात मुळात स्वतंत्र कार्ड नसते आणि चित्रनिर्मितीचे काम प्रोसेसरमधील अंतर्भूत भागाकडून होते, त्यात प्रथमच कार्ड बसवण्याचाही समावेश व्यवहारात याच प्रकारात केला जातो. संगणकीय खेळ, चित्रफितींचे संपादन, त्रिमितीय आरेखन, अधिक मोठा मॉनिटर जोडण्याची गरज किंवा जुने कार्ड निकामी होणे ही यामागची नेहमीची कारणे आहेत. नवा संगणक घेण्यापेक्षा हा मार्ग स्वस्त पडतो. मात्र वीजपुरवठा, कॅबिनेटमधील जागा, मदरबोर्डवरील प्रणाली आणि मॉनिटरची जोडणी यांपैकी एकही गोष्ट जुळली नाही, तर विकत घेतलेले कार्ड पेटीतच पडून राहते. ज्या घरात एकच संगणक आहे आणि कार्डासाठी पैसे साठवून ठेवलेले आहेत, तेथे ही चूक विशेष महाग पडते. त्यामुळे खरेदीपूर्वीची तपासणी हाच या कामाचा मुख्य भाग मानला जातो. प्रत्यक्ष बसवण्याचे काम अर्ध्या तासाचे असते.

पार्श्वभूमी

आयबीएमच्या १९८१ सालच्या वैयक्तिक संगणकात पडद्यावर अक्षरे उमटवण्यासाठीही वेगळे कार्ड लागत असे. १९८७ मध्ये त्याच कंपनीने व्हीजीए पद्धत आणली आणि तिची पंधरा टाचण्यांची जोडणी पुढे पंचवीस-तीस वर्षे टिकली. १९९६ मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीच्या वूडू कार्डाने त्रिमितीय खेळ घरगुती संगणकावर आणले. एन्व्हिडियाने १९९९ मध्ये जीफोर्स २५६ हे कार्ड बाजारात आणताना ‘जीपीयू’ ही संज्ञा रूढ केली. २०११ पासून इंटेल व एएमडी या दोन्ही कंपन्यांनी प्रोसेसरच्या त्याच सिलिकॉन तुकड्यावर चित्रनिर्मितीचा भाग देण्यास सुरुवात केली. तेव्हापासून कार्यालयीन व शालेय संगणकांत स्वतंत्र कार्ड जवळजवळ दिसेनासे झाले. आज ‘जुना संगणक’ म्हणून ज्यात कार्ड बसवायचे असते, तो बहुधा याच काळातला असतो.

कार्ड बसवण्याची खाचही बदलत गेली. १९९२ ची पीसीआय, १९९७ पासूनची एजीपी आणि २००४ पासून मदरबोर्डवर दिसू लागलेली पीसीआय एक्स्प्रेस या तीन पिढ्या एकमेकींशी जुळत नाहीत. एजीपी खाच असलेला संगणक आज उन्नत करण्याजोगा राहिलेला नाही. त्यापुढील विवेचन पीसीआय एक्स्प्रेसपुरते आहे.

खाच आणि तिचा वेग

पीसीआय एक्स्प्रेसच्या सर्व आवृत्त्या एकमेकींशी सुसंगत आहेत. चौथ्या आवृत्तीचे कार्ड दुसऱ्या आवृत्तीच्या खाचेत बसते व चालते. वेग मात्र दोहोंपैकी कमी असलेल्या आवृत्तीचा मिळतो. पहिल्या आवृत्तीत एका मार्गिकेतून सेकंदाला सुमारे २५० मेगाबाइट, दुसरीत ५००, तिसरीत सुमारे ९८५ आणि चौथीत त्याच्या दुप्पट माहिती एका दिशेने जाते. ग्राफिक्स कार्डाच्या खाचेत अशा सोळा मार्गिका असतात. इंटेलच्या दुसऱ्या पिढीतील (२०११) कोअर प्रोसेसर दुसरी आवृत्ती देतात. तिसऱ्या पिढीतील (२०१२) आय५ व आय७ प्रोसेसर तिसरी आवृत्ती देतात, पण त्याच पिढीतील आय३ दुसरीवरच थांबलेले आहेत.

सोळा मार्गिकांचे कार्ड दुसऱ्या आवृत्तीच्या खाचेतही फारसे मागे पडत नाही. अडचण येते ती मार्गिका कमी असलेल्या नव्या स्वस्त कार्डांत. एएमडीच्या रेडिऑन आरएक्स ६४०० व आरएक्स ६५०० एक्सटी (दोन्ही २०२२) या कार्डांची कडा पूर्ण लांबीची दिसते, पण तीत प्रत्यक्ष जोडलेल्या मार्गिका चारच आहेत. चौथ्या आवृत्तीच्या खाचेत त्यांना सेकंदाला सुमारे ८ गीगाबाइट, तिसरीत ४ आणि दुसरीत २ गीगाबाइट एवढीच वाट मिळते. कार्डावरील ४ गीगाबाइट स्मृती अपुरी पडली की माहिती याच अरुंद वाटेने ये-जा करू लागते आणि खेळ अडखळतो. म्हणजे जुन्या संगणकासाठी म्हणून स्वस्त मिळणारे हे कार्ड नेमके जुन्याच संगणकात आपली क्षमता गमावते. विक्रेत्यांच्या जाहिरातींत हा तपशील सहसा नसतो.

वीजपुरवठा

जुन्या संगणकातील बहुतेक फसलेल्या उन्नतीकरणांचे मूळ वीजपुरवठ्यात असते. भारतीय बाजारात या भागाला ‘एसएमपीएस’ म्हणतात. पीसीआय एक्स्प्रेसची खाच कार्डाला कमाल ७५ वॅट वीज देते. त्याहून अधिक वीज लागणाऱ्या कार्डाला एसएमपीएसमधून स्वतंत्र तार जोडावी लागते. सहा टाचण्यांच्या तारेतून ७५ व आठ टाचण्यांच्या तारेतून १५० वॅट घेण्याची मुभा प्रमाणकात आहे. जुन्या संगणकात या तारा बहुधा नसतातच. म्हणून ‘वेगळ्या तारेशिवाय चालणारे कार्ड’ हा अल्प खर्चातील निवडीचा पहिला निकष ठरतो.

एसएमपीएसवर छापलेला एकूण वॅटचा आकडा दिशाभूल करू शकतो. प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड ही दोन्ही मुख्यतः १२ व्होल्टच्या वाहिनीवर चालतात; त्यामुळे लेबलवरील तक्त्यात त्या वाहिनीसमोर किती अँपिअर लिहिले आहेत, हे पाहावे लागते. समजा, स्वस्त कॅबिनेटबरोबर आलेल्या एसएमपीएसवर ठळक अक्षरांत ४५० वॅट लिहिले आहे, पण १२ व्होल्टसमोर १६ अँपिअर आहेत. तर कामाची वीज १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॅटच आहे. याउलट नामांकित उत्पादकाच्या कार्यालयीन संगणकातील २९० वॅटचा एसएमपीएस आकड्याने लहान असूनही प्रत्यक्षात अधिक भरवशाचा असतो.

गरजेचा अंदाज साध्या बेरजेने करता येतो. चौथ्या पिढीतील आय५-४५७० प्रोसेसरचे उष्णता-मान ८४ वॅट आहे. त्यात कार्डाचे ७५ आणि मदरबोर्ड, रॅम, डिस्क व पंखे मिळून सुमारे ५० वॅट धरले, तर बेरीज २०९ वॅट येते. वर काही वाव ठेवून २९० वॅटचा चांगला एसएमपीएस यास पुरतो. तेथेच १८५ वॅटचे रेडिऑन आरएक्स ५८० बसवल्यास बेरीज ३१९ वर जाते आणि एसएमपीएस बदलण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

सहा टाचण्यांची तार नसल्यास साटा डिस्कच्या तारेवर बसणारा जोड बाजारात अत्यल्प किमतीत मिळतो. तो वापरू नये. साटाच्या वीजजोडणीत १२ व्होल्टसाठी तीन टाचण्या असून प्रत्येकीची मर्यादा १.५ अँपिअर आहे. म्हणजे तिन्ही मिळून ५४ वॅट. कार्डाने तेथून ७५ वॅट ओढल्यास प्लॅस्टिक वितळण्याचा व आग लागण्याचा धोका असतो. जुन्या चार टाचण्यांच्या मोलेक्स तारांपासून केलेला जोड त्या मानाने बरा, पण तोही दोन वेगळ्या तारांवरून घेतलेला असावा. एसएमपीएस अपुरा पडत असल्याची ओळखीची खूण म्हणजे लिहिण्या-वाचण्याच्या कामात संगणक नीट चालतो, परंतु खेळ सुरू केल्यावर काही मिनिटांत एकाएकी बंद पडतो. हलक्या प्रतीचा एसएमपीएस जळताना मदरबोर्ड व डिस्क यांनाही सोबत नेऊ शकतो. त्यामुळे कार्डावरील खर्च थोडा कमी करून तो एसएमपीएसकडे वळवणे शहाणपणाचे समजले जाते.

कार्यालयीन संगणकांचे उदाहरण

बँका, विमा कंपन्या व माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांनी काढून टाकलेले संगणक मोठ्या प्रमाणावर दुरुस्त करून विकले जातात. मुंबईतील लॅमिंग्टन रोड (अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग), दिल्लीतील नेहरू प्लेस, बंगळूरमधील एस. पी. रोड व चेन्नईतील रिची स्ट्रीट ही या व्यापाराची प्रसिद्ध ठिकाणे आहेत. डेल कंपनीचे ऑप्टिप्लेक्स ७०१० (२०१२) व ऑप्टिप्लेक्स ९०२० (२०१३) हे संगणक यांत जगभर लोकप्रिय ठरले. चार गाभ्यांचा आय५ प्रोसेसर आणि मजबूत बांधणी यांमुळे ते कार्ड बसवण्यासाठी वारंवार निवडले जातात. (डेलने २०२३ मध्ये ‘ऑप्टिप्लेक्स ७०१०’ हेच नाव तेराव्या पिढीच्या संगणकाला पुन्हा दिले; त्यामुळे जाहिरात वाचताना प्रोसेसरची पिढी पाहणे आवश्यक आहे.)

या संगणकांत मिनी टॉवर हा उभा, मोठा प्रकार आणि स्मॉल फॉर्म फॅक्टर हा बुटका प्रकार, असे दोन आकार प्रामुख्याने मिळतात. बुटका प्रकार स्वस्त व देखणा असतो, पण त्यात निम्म्या उंचीचे, ‘लो प्रोफाइल’ कार्डच बसते. अशा कार्डांना मागणी अधिक व पुरवठा कमी असल्याने त्याच क्षमतेचे पूर्ण उंचीचे कार्ड त्यांच्यापेक्षा स्वस्त मिळते. शिवाय काही बुटक्या संगणकांत उत्पादकाने खाचेतून मिळणारी वीज ७५ वॅटपेक्षा कमी मर्यादित केलेली असते. हा आकडा त्या संगणकाच्या माहितीपुस्तिकेत दिलेला असतो. कार्ड बसवण्याचा विचार आधीपासूनच असेल, तर थोडी अधिक किंमत देऊन मिनी टॉवर घेतलेला परवडतो.

दुसरी अडचण एसएमपीएसच्या जोडणीची आहे. ऑप्टिप्लेक्स ७०१० च्या मिनी टॉवरमध्ये मदरबोर्डला जाणारी तार नेहमीची चोवीस टाचण्यांची आहे. ऑप्टिप्लेक्स ९०२० पासून डेलने स्वतःची आठ टाचण्यांची जोडणी वापरली. एचपी व लेनोव्हो यांच्याही अनेक कार्यालयीन संगणकांत अशा खास जोडण्या आहेत. तेथे बाजारातला सर्वसाधारण एसएमपीएस लावण्यासाठी रूपांतरक तार घ्यावी लागते. ज्याला आठशे-हजार रुपयेही मोजून खर्च करायचे आहेत, त्याने ही तार आधी हिशेबात धरावी.

लांबीही मोजून घ्यावी लागते. खाचेपासून समोरच्या डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंतचे अंतर आणि शेजारची खाच मोकळी आहे किंवा नाही, हे टेपने मोजता येते. बहुतेक कार्डांचा पंखा दोन खाचांची जागा व्यापतो.

कार्डाची निवड

ग्राहकाची सर्वांत मोठी फसगत ‘किती जीबी’ या प्रश्नात होते. कार्डावरील स्मृतीचा आकार हा क्षमतेचा एकच घटक आहे; गणन करणाऱ्या गाभ्यांची संख्या, स्मृतीचा प्रकार व तिच्या वाहिनीची रुंदी हे घटक बहुधा अधिक निर्णायक असतात. जीफोर्स जीटी ७३० हे याचे ठळक उदाहरण. २०१४ मध्ये आलेल्या या एकाच नावाखाली ९६ गाभ्यांचे जुन्या फर्मी रचनेचे आणि ३८४ गाभ्यांचे केपलर रचनेचे अशी भिन्न कार्डे विकली गेली. डीडीआर३ स्मृतीचे ४ जीबीचे जीटी ७३० हे जीडीडीआर५ स्मृतीच्या २ जीबी कार्डापेक्षा दुबळे असते, तरी दुकानात मोठ्या आकड्याच्या जोरावर तेच खपते.

जीटी १०३० (२०१७) बाबतही असेच घडले. मूळ कार्डात जीडीडीआर५ स्मृती असून तिचा वेग सेकंदाला सुमारे ४८ गीगाबाइट आहे. २०१८ मध्ये त्याच नावाने डीडीआर४ स्मृतीची आवृत्ती आली. तिचा वेग १७ गीगाबाइटच्याही आत आहे. पेटीवरील बारीक अक्षरांतच हा भेद कळतो. मूळ आवृत्ती ३० वॅटमध्ये चालते, बुटक्या संगणकात बसते आणि चित्रफिती पाहण्यास उत्तम आहे; मात्र तिच्यात चित्रफीत संकेतबद्ध करण्याची यंत्रणा नाही.

वेगळ्या तारेशिवाय चालणाऱ्या कार्डांची एक परंपराच तयार झाली आहे. जीफोर्स जीटीएक्स ७५० टीआय (फेब्रुवारी २०१४, ६४० गाभे, ६० वॅट) या कार्डाने कार्यालयीन संगणकावर खेळ खेळता येतात हे प्रथम प्रभावीपणे दाखवले. त्यानंतर जीटीएक्स १०५० टीआय (ऑक्टोबर २०१६, ७६८ गाभे, ४ जीबी, ७५ वॅट) आणि जीटीएक्स १६५० (एप्रिल २०१९, ८९६ गाभे, ४ जीबी, ७५ वॅट) ही कार्डे आली. शेवटच्या दोन्ही कार्डांच्या काही आवृत्त्यांत उत्पादकांनी वेग वाढवण्यासाठी सहा टाचण्यांची जोडणी दिलेली आहे. त्यामुळे नाव तेच असले तरी छायाचित्र पाहून खात्री करावी लागते. या ओळीतील सर्वांत सक्षम कार्डांपैकी एक म्हणजे फेब्रुवारी २०२४ मधील आरटीएक्स ३०५० ची ६ जीबीची आवृत्ती. ती ७० वॅटमध्ये चालते. तिच्यात आठ मार्गिका असल्याने तिसऱ्या आवृत्तीच्या खाचेतही फारसा तोटा होत नाही. ८ जीबीचे मूळ आरटीएक्स ३०५० हे वेगळे कार्ड असून त्याला स्वतंत्र तार लागते.

इंटेलची आर्क ए३१० व ए३८० (२०२२) ही कार्डे स्वस्त असून एव्ही१ या नव्या पद्धतीची चित्रफीत वाचण्याची व तयार करण्याचीही सोय त्यांत आहे. तथापि ही कार्डे ‘रिसायझेबल बार’ या सुविधेवर अवलंबून आहेत. ती नसल्यास खेळांतील त्यांचा वेग बराच घसरतो. इंटेलने या कार्डांसाठी दहाव्या पिढीपासूनचे कोअर प्रोसेसर सुचवले आहेत. म्हणजे या लेखातील संगणकांना ती सहसा उपयोगाची नाहीत. एएमडीच्या आरएक्स ६४०० मध्येही एव्ही१ वाचण्याची आणि चित्रफीत संकेतबद्ध करण्याची यंत्रणा नसल्याने संपादनासाठी ते घेणे चुकीचे ठरते.

मॉनिटर जुना व केवळ व्हीजीए जोडणीचा असेल, तर आणखी एक खर्च उभा राहतो. एएमडीने २०१३ मधील आर९ २९० पासून आणि एन्व्हिडियाने २०१६ मधील जीफोर्स १० मालिकेपासून अनुरूप (ॲनालॉग) संकेत देणे बंद केले. त्यामुळे टाचण्या जुळवणारा साधा जोड चालत नाही. आत विद्युत्मंडल असलेला रूपांतरकच लागतो. तो महाग नाही, पण कार्ड घरी आणल्यावर रात्री नऊ वाजता त्याची आठवण होणे त्रासदायक असते.

प्रोसेसर आणि रॅमची मर्यादा

कार्ड कितीही सक्षम असले तरी त्याला काम पुरवण्याचे काम प्रोसेसर करतो. दोन गाभ्यांच्या जुन्या प्रोसेसरबरोबर महागडे कार्ड लावल्यास कार्डाचा बराच वेळ वाट पाहण्यात जातो. चार गाभ्यांच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीतील आय५ ला जीटीएक्स १६५० च्या आसपासचे कार्ड शोभते. त्यापुढे खर्च वाढवून मिळणारा लाभ झपाट्याने घटतो. रॅम ४ जीबी असेल तर आधी ती वाढवावी. एका पट्टीऐवजी सारख्या दोन पट्ट्या लावल्याने प्रोसेसरमधील अंतर्भूत चित्रभागाचाही वेग स्पष्टपणे सुधारतो, कारण तो मुख्य रॅमच वापरतो.

संगणक सुरू होण्यास वेळ लागतो, संकेतस्थळे हळू उघडतात, अशी तक्रार असेल तर ग्राफिक्स कार्डाने काहीही साधत नाही. तेथे जुन्या फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी लावणे हा खरा व स्वस्त उपाय आहे. मराठी मजकुराची जुळणी, हिशेब, शाळेचे ऑनलाइन वर्ग, यांसाठी प्रोसेसरमधील चित्रभाग पुरेसा असतो. त्रिमितीय आरेखनात मात्र कार्डाची पिढीही महत्त्वाची ठरते. ब्लेंडर या मुक्त आज्ञावलीने डिसेंबर २०२१ मधील ३.० आवृत्तीत ओपनसीएलचा आधार काढून टाकला, त्यामुळे एएमडीची अनेक जुनी कार्डे तिच्या सायकल्स चित्रांकनासाठी निरुपयोगी झाली.

वापरलेली व बनावट कार्डे

२०२० ते २०२२ या काळात आभासी चलनाच्या उत्खननासाठी ग्राफिक्स कार्डांना प्रचंड मागणी येऊन किमती गगनाला भिडल्या. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरिअमने आपली पद्धत बदलली आणि कार्डांवरचे उत्खनन संपले. त्यानंतर वापरलेली असंख्य कार्डे बाजारात आली. उत्खननात वापरलेले प्रत्येक कार्ड खराब असतेच असे नाही. स्थिर तापमानात सतत चाललेल्या कार्डाची चिप शाबूत असू शकते. झिजतात ते पंखे, आणि वाळते ती उष्णतावाहक पेस्ट. या दोन्ही गोष्टी बदलता येतात. स्मृतीच्या चिपा दीर्घकाळ तापल्या असल्यास मात्र पडद्यावर रंगीत ठिपके किंवा चौकटी दिसू लागतात, आणि ते दुरुस्त करणे अल्प खर्चात शक्य नसते.

बनावट कार्डे हा वेगळा प्रकार आहे. २०१० च्या सुमाराच्या जीटीएस ४५० सारख्या कार्डाची अंतर्गत प्रणाली बदलून ते ‘जीटीएक्स १०५० टीआय’ म्हणून विकण्याचे प्रकार जगभर उघडकीस आले. विंडोजला जोडल्यावर अशा कार्डाचे नाव नवेच दिसते; खेळ मात्र चालत नाही किंवा ड्रायव्हर बसत नाही. जीपीयू-झेड या मोफत आज्ञावलीत २०१८ पासून असे कार्ड ओळखून नावापुढे ‘बनावट’ असा इशारा देण्याची सोय आहे. नव्या कार्डावर व्हीजीएची निळी जोडणी दिसली, तर संशय घ्यावा. आरएक्स ५८० च्या बाबतीत ‘२०४८एसपी’ ही आवृत्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. मूळ कार्डात २,३०४ गाभे आहेत, तर २०१८ मध्ये चीनमधील बाजारासाठी काढलेल्या या आवृत्तीत २,०४८ असून ती क्षमतेने आरएक्स ५७० एवढीच आहे. हे कार्ड बनावट नव्हे; पण ते मूळ आरएक्स ५८० च्या भावात विकणे ही फसवणूकच आहे.

वापरलेले कार्ड विक्रेत्यासमोर चालवून पाहिल्याशिवाय घेऊ नये. जीपीयू-झेडमध्ये गाभ्यांची संख्या व स्मृतीचा प्रकार पडताळणे, फरमार्कसारखी ताण देणारी आज्ञावली दहा-पंधरा मिनिटे चालवून तापमान व पंख्याचा आवाज पाहणे आणि प्रत्येक जोडणीला मॉनिटर लावून पाहणे, एवढी तपासणी पुरेशी होते. खाचेत शिरणारी सोनेरी कडा काळवंडलेली आहे का, हेही पाहावे. कोकण व मुंबईसारख्या दमट हवेत पडून राहिलेल्या कार्डांवर गंज लवकर चढतो. कडेवरचा थर मऊ खोडरबराने पुसण्याची दुरुस्तीकारांची जुनी पद्धत हलक्या हाताने केल्यास उपयोगी पडते.

बायोस आणि यूईएफआय

२०१२ च्या आसपास मदरबोर्डवरील मूळ प्रणाली जुन्या बायोसकडून यूईएफआयकडे सरकली. या संक्रमणकाळातील काही संगणकांत नवे कार्ड लावल्यावर पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो. उत्पादकाच्या संकेतस्थळावरील शेवटची बायोस आवृत्ती आधी बसवून घेतल्यास पुष्कळदा ही अडचण सुटते. ते काम जुने कार्ड किंवा अंतर्भूत चित्रभाग चालू असतानाच करायचे असते. याउलट, अगदी जुने कार्ड सिक्युअर बूट चालू असलेल्या संगणकात लावल्यासही पडदा काळा राहू शकतो. तेथे सिक्युअर बूट बंद करून सीएसएम हा पर्याय सुरू करावा लागतो. नेमक्या त्याच संगणकात तेच कार्ड इतर कोणी चालवले आहे का, हे शोधणे सर्वांत खात्रीचे.

बसवण्याची पद्धत

आधी जुन्या कार्डाचा ड्रायव्हर काढून टाकावा. कंपनी बदलत असल्यास डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर ही आज्ञावली त्याचे अवशेषही पुसते. संगणक बंद करून भिंतीतील वीजतार काढावी व चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून उरलेला विद्युत्भार जाऊ द्यावा. अंगातील स्थितिक विद्युत् घालवण्यासाठी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला स्पर्श करावा. जुन्या कार्डाचा मागचा स्क्रू सोडवून, खाचेच्या टोकाची कडी दाबून मगच कार्ड सरळ वर उचलावे. कडी न दाबता ओढल्यास खाच तुटते. नवे कार्ड दोन्ही टोकांना सारखा दाब देत कडी लागल्याचा आवाज येईपर्यंत बसवावे, स्क्रू आवळावा व स्वतंत्र तार असल्यास ती जोडावी. उघडलेच आहे तर कॅबिनेटमधील धूळ काढणे व मदरबोर्डवरील सीआर२०३२ हा नाण्यासारखा सेल बदलणे ही दोन्ही कामे त्याच वेळी उरकता येतात.

मॉनिटरची तार नव्या कार्डाला जोडावी लागते. ती सवयीने मदरबोर्डच्याच जोडणीत लावल्यामुळे ‘कार्ड चालत नाही’ अशी तक्रार घेऊन दुकानात जाणाऱ्यांची संख्या कमी नाही.

ड्रायव्हरचे आयुष्य

कार्ड किती वर्षे उपयोगी राहील हे त्याच्या चिपइतकेच ड्रायव्हरवर ठरते. एएमडीने जून २०२१ मध्ये पोलॅरिसपूर्वीच्या जीसीएन कार्डांचा नियमित आधार थांबवला. एन्व्हिडियाने त्याच वर्षी केपलर रचनेच्या बहुतेक कार्डांसाठी खेळविषयक नवे ड्रायव्हर देणे बंद केले. २०२५ मध्ये मॅक्सवेल व पास्कल रचनांची पाळी आली. जीटीएक्स ७५० टीआय, जीटी १०३० व जीटीएक्स १०५० टीआय ही कार्डे त्यांतच मोडतात. त्यांना ऑक्टोबर २०२८ पर्यंत केवळ सुरक्षाविषयक सुधारणा मिळणार असल्याचे कंपनीने जाहीर केले आहे. जीटीएक्स १६५० हे त्यापुढील ट्युरिंग रचनेचे असल्याने आज वापरलेल्या कार्डांत त्याला अधिक पसंती आहे.

कार्यप्रणालीचाही विचार करावा लागतो. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साठी इंटेलचे आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर अधिकृतपणे आवश्यक आहेत. चौथ्या पिढीच्या संगणकात महागडे कार्ड घालण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे. लिनक्सवर असे संगणक चालू ठेवता येतात. तेथे एएमडी कार्डांचे मुक्त ड्रायव्हर कार्यप्रणालीबरोबरच येतात, तर एन्व्हिडियाचे ड्रायव्हर बहुधा वेगळे बसवावे लागतात.

लॅपटॉप

लॅपटॉपमधील ग्राफिक्स चिप जवळजवळ नेहमीच मदरबोर्डवर डाखलेली असते व ती बदलता येत नाही. थंडरबोल्ट जोडणी असलेल्या लॅपटॉपला बाहेरच्या पेटीतील कार्ड जोडता येते, परंतु ती पेटीच इतकी महाग असते की अल्प खर्चाचा हेतू राहत नाही.

काढलेले कार्ड

भारतात १ एप्रिल २०२३ पासून ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ लागू आहेत. निकामी कार्ड घरच्या कचऱ्यात न टाकता नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे द्यावे. त्याच्या जोडकामातील शिसे व पट्टीवरील रसायने जाळल्यास विषारी ठरतात. चालू स्थितीतील जुने कार्ड मात्र काही दिवस ठेवण्याची प्रथा आहे. नव्या कार्डाचा पडदा काळा झाला, तर दोष कार्डात आहे की मदरबोर्डमध्ये, हे जुने कार्ड परत लावून दहा मिनिटांत कळते.